न विचारता लिहिलेलं ‘नाही’

हिंडलगा,
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

आक्का,

जय जिनेंद्र. यापुढं घरच्या सगळ्यांचं कुशल विचारायची रीत आहे, पण अडीच वर्षं जो तुझ्या दारात आला नाही त्यानं ते विचारू नये एवढं मला कळतं. तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून कागदावर लिहितोय. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच दाजींच्या हातात देशील. तसं करू नकोस. निदान पुढची एक ओळ वाच.

तू सांगितलं होतंस.

अण्णांना पेनिसिलीन चालत नाही, हे तू त्या दिवशी निपाणीच्या दवाखान्यात सांगितलं होतंस. सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी. काल मी ते माझ्या डोळ्यांनी वाचलं. आज ऑफिसला गेलो, परत आलो, मधलं काही आठवत नाही.

कसं कळलं ते सांगतो. आमच्याकडं माधवी म्हणून एक मुलगी आहे, उचगावची, सहा महिन्यांपूर्वी लागलेली. दवाखान्यांसाठी सात वर्षांपूर्वी मी जो प्रोग्रॅम केला, तोच तो, ज्याच्या कौतुकापायी अण्णा तुला म्हणाले होते, “चिकोडीला कशाला, निपाणीलाच चल, माझ्या पोराचं काम हाय तिथं.” तो आता जुना झाला म्हणून तिला नव्यानं करायला दिलाय. काल दुपारी ती चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, “सर, पेशंटला विचारलंच न्हाय, आणि पेशंट न्हाय म्हणाला, ह्यातला फरक आपल्या प्रोग्रॅमला कुठं कळतोय?”

मी हसलो. म्हटलं, टिक नसेल तर ‘नाही’ धरायचं, सगळं जग तसंच चालतं, कॉलेजात शिकवलं नाही का तुला? ती वाद घालणाऱ्यातली नाही. पण जागची हललीही नाही. शेवटी वाकून तिनं माझ्याच कॉम्प्युटरवर करून दाखवलं.

तू शिक्षिका आहेस, तुला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. नोंदणीच्या फॉर्मवर एक चौकोन असतो : औषधाची ॲलर्जी आहे. असली तर टिक करायची. आता वेबवरच्या फॉर्मची गंमत अशी, की टिक केलेला चौकोन तेवढा पुढं पाठवला जातो. रिकामा चौकोन पाठवलाच जात नाही. आणि ज्या तयार सांगाड्यावर आम्ही प्रोग्रॅम उभा करतो, तो सांगाडा “चौकोन आला नाही, म्हणजे उत्तर ‘नाही’च आहे” हे स्वतःच ठरवून लिहून टाकतो. एरवी यानं काही बिघडत नाही. पण आमच्याकडं एक छोटा फॉर्मही आहे, फक्त फोन नंबर आणि पत्ता बदलण्यासाठी. त्यात ॲलर्जीचा चौकोन नाहीच. तो छोटा फॉर्म कुणी भरला, की चौकोन येत नाही, आणि सांगाडा आधीची टिक पुसून तिथं ‘नाही’ लिहितो. माणसाचा फोन नंबर बदलला की त्याची ॲलर्जी गेली. हजेरी घेताना एखाद्याचं नाव तू पुकारलंच नाहीस, तर त्याला गैरहजर लावशील का? आम्ही सात वर्षं लावत होतो.

माधवी म्हणाली, खरंच कुणाचं असं झालंय का ते जुन्या नोंदींत बघूया. मला त्याच क्षणी अण्णा आठवले. मी तिला दुसरं काम सांगून पाठवलं आणि एकट्यानं त्यांचं नाव टाकलं.

पडद्यावर आलं, ॲलर्जी : नाही. त्या दिवशी दुपारच्या नर्सनं वाचलं ते हेच. मग मी पडद्यामागचा मूळ तक्ता उघडला. तिथं चौकोनाच्या शेजारी तपशील लिहायची जागा असते. उत्तर ‘नाही’ असेल तर ती जागा पडद्यावर दिसत नाही, मीच तसं केलेलं, उगीच गर्दी नको म्हणून. त्या जागेत नोंदणीवरच्या बाईनं टाईप केलेलं जसंच्या तसं पडून होतं : “पेनिसिलीन. अंगावर गांधी उठतात, श्वास अडकतो. चिकोडीस पूर्वी झालेले. मुलीने सांगितले.”

मुलीने सांगितले. आक्का, हे अडीच वर्षं तिथं होतं. मी रोज त्याच कॉम्प्युटरपुढं बसत होतो आणि येईल त्याला सांगत होतो की राजमतीनं सांगितलं नाही.

नोंद दहा बाराची आहे. अकरा चाळीसला कुणीतरी छोटा फॉर्म उघडून अण्णांचा फोन नंबर बदलला. तिथं टिक गेली. दोन वाजता नर्स बदलली, तिनं ‘नाही’ वाचलं आणि पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं, त्यात अण्णा गेले. तिथं काहीच लिहिलेलं नसतं तर तिनं अण्णांना विचारलं असतं. ‘नाही’ असं स्पष्ट लिहिल्यावर कोण विचारतं?

नंबर कुणी बदलला ते अजून कळायचंय. दवाखान्यात दहा हात असतात, शोध घेतोय.

आईला अजून काही बोललो नाही. तू उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही. वाचलंस तरी पुष्कळ.

श्रेयस


हिंडलगा,
शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५

आक्का,

तुझं उत्तर नाही. ते येईल असं धरून हे लिहीत नाही. दहा दिवसांत जे झालं ते तुला कळावं असं वाटतं, आणि खरं म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायला माझ्याकडं माणूसच नाही.

पहिल्यांदा सूरजला सांगितलं. तुला तो आठवत असेल, माझा भागीदार, तुझ्या हातची शेंगदाण्याची चटणी डबा भरून न्यायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. म्हणाला, आधी गुपचूप दुरुस्त कर, कुणाला काही कळायचं नाही, गेलेलं माणूस काय परत येणार आहे? मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण रात्रभर मी स्वतःला हेच सांगत होतो. बाहेर माधवी बसली होती. तिला आम्हा दोघांचे चेहरे बघूनच अंदाज आला असणार, कारण सूरज गेल्यावर ती आत आली आणि म्हणाली, “सर, ज्यांच्या टिका गेल्यात त्यांची यादी मी काढून ठेवली हाय.” तिनं ती विचारून काढली नव्हती. यादी समोर आल्यावर गुपचूप काही करायची सोय उरली नाही.

दोनशे चौदा माणसं आहेत, आक्का. अकरा दवाखाने. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी. प्रत्येकानं कधीतरी सांगितलेलं, की मला अमुक औषध चालत नाही, आणि पुढं कधीतरी त्यांचा नंबर किंवा पत्ता बदलला. छोटा फॉर्म मी त्याच संध्याकाळी बंद केला. मग सगळ्या डॉक्टरांना फोन केले.  निपाणीचे नागेंद्र डॉक्टर म्हणाले, तुमच्या वडलांच्या वेळी आम्ही आमच्या नर्सला कामावरून काढलं होतं, ती आता कुठं आहे मला माहीत नाही. मला हेही माहीत नव्हतं. त्या बाईचं नाव मी आजपर्यंत विचारलेलं नव्हतं.

दोनशे चौदा जणांना फोन करायचं काम मी माझ्याकडं घेतलं. माधवी आणि मी वाटून केलं असतं तर तीन दिवसांत झालं असतं, पण मला ते दुसऱ्यावर टाकवेना. रोज चाळीसेक होतात. मी म्हणतो, दवाखान्याच्या कामाचा फोन आहे, तुम्हाला एखादं औषध सोसत नाही का? सगळ्यांचं उत्तर एकच येतं. सांगितलं होतं की. नंदगडच्या एक रुक्माबाई आहेत, सत्तरीच्या. त्या तर चिडल्याच. म्हणाल्या, “दोनदा सांगिटल्यालं बाबा मी. पोरीनं बी सांगिटल्यालं. आणि किती वेळा सांगायचं?” मी फोन ठेवला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. मला त्यांच्या जागी तुझाच आवाज ऐकू येत होता. तूही मला इतक्याच वेळा सांगितलं होतंस.

एक अजून कबूल करायचं आहे. २०२० साली एका दवाखान्यातनं तक्रार आली होती, की नंबर बदलला की पेशंटचा पत्ता कोरा होतो. कारण हेच होतं. मी बघितलं, आणि कोरा मजकूर आला तर जुना पुसू नये एवढी दुरुस्ती केली. पाच मिनिटांचं काम. म्हणूनच तर “मुलीने सांगितले” हे शब्द टिकले. चौकोनांचं तेव्हा डोक्यात आलं नाही. पत्ता हरवल्याची तक्रार माणसं करतात, कारण पत्ता गेलेला दिसतो. गेलेली टिक कुणाला दिसत नाही. तिच्या जागी उत्तर लिहिलेलं असतं.

आता नवा प्रोग्रॅम वेगळ्या रीतीनं करतोय. कुठलीच गोष्ट पुसायची नाही. कुणी, कधी, काय सांगितलं ते एकाखाली एक लिहीत जायचं, नंतर बदललं तर जुन्याच्या खाली नवं. आणि उत्तरं तीन : आहे, नाही, विचारलेलं नाही. तिसरं असलं की पडदा पुढं जाणारच नाही, विचारल्याशिवाय. सांगाड्याच्या मनानं काही चालायचं नाही. सूरज म्हणतो, सगळी दुनिया सोपं करायच्या मागं लागलीय आणि तू नर्सचं काम वाढवतोयस. वाढू दे.

पण मी हे लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. अण्णा गेल्यानंतरची पहिली क्षमावाणी तुला आठवते? गावी, अक्कोळच्या मंदिरात सगळी जमली होती. दशलक्षण पर्व संपलेलं, जो तो एकमेकांपुढं हात जोडत होता, जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा. तू गर्दीतनं वाट काढत माझ्यापुढं आलीस.  “श्रेयस, माझं काय चुकलं असंल तर क्षमा कर,” एवढंच म्हणालीस. दर वर्षी प्रत्येक जण प्रत्येकाला म्हणतो तेवढंच. मी पण त्या दिवशी निदान साठ जणांना तेच म्हणालो होतो.

आणि मी समजलो, तू कबूल केलंस.

मी मागं वळलो आणि आईला म्हटलं, बघ, आता तिच्या तोंडूनच आलं. आईनं त्या दिवसापासून तुझ्या सदलग्याचं नाव घेणं टाकलं. बिचारी माझ्या शब्दावर गेली. दोन्ही काकांना, दाजींच्या भावांना, मी सगळ्यांना तेच सांगितलं, की तिनं मंदिरात मान्य केलंय. जैनाच्या घरात जन्मून, लहानपणापासून दर वर्षी तेच शब्द उच्चारून, मला त्यांचा अर्थ कळला नाही. किंवा कळला होता, पण मला दोषी माणूस हवा होता आणि तू समोर उभी होतीस.

‘शरम वाटते’ हे शब्द इथं फार लहान आहेत.

श्रेयस


हिंडलगा,
सोमवार, २४ फेब्रुवारी २०२५

आक्का,

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. ना वर नाव, ना खाली सही. शाळेतल्या फळ्यावरच्यासारख्या टपोऱ्या अक्षरात एकच प्रश्न : “फोन नंबर कुणी बदलला?”

दोन दिवस ते खिशात घेऊन हिंडलो.

मी बदलला.

पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. शोध बिध काही नव्हता. ज्या ओळीत वेळ दिसते, अकरा चाळीस, त्याच ओळीत कुणाच्या नावानं बदल झाला तेही दिसतं. तिथं माझं नाव आहे. पहिल्या दिवशीच दिसलं होतं. ते दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि कुठं जायचं हे न कळून परत बसलो. मला वाटलं होतं, घाईत असलेल्या कुणा कारकुनाचं नाव निघेल आणि त्याच्यावर ओरडता येईल.

त्या दिवशी काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. मी बंगळूरला होतो, मोठ्या कामाची बोलणी होती. अण्णांच्या पायात बाभळीचा काटा मोडून पू झालाय, त्यांना दाखल केलंय, असा तुझा फोन आला. अण्णांशी पण बोललो. म्हणाले, “मला काय हुतंय रं, तू तुझं काम बघ. तुझं ते कॉम्प्युटर हितं झकास चाललंय.” बोलणी सुरू व्हायला वेळ होता. म्हणून माझ्या नावानं प्रोग्रॅममध्ये शिरलो आणि अण्णांची नोंद उघडली. तिथं संपर्काला तुझा नंबर होता. आक्का, मला ते बरं वाटलं नाही. मुलगा मी, दवाखान्यातला प्रोग्रॅम माझा, आणि काही झालं तर डॉक्टर फोन करणार तुला? मी छोटा फॉर्म उघडला, तुझा नंबर काढला, माझा घातला. वीस सेकंदंसुद्धा लागली नसतील. मोठा फॉर्म उघडला असता तरी चाललं असतं, त्यात चौकोन होता, टिक राहिली असती. छोटा लवकर उघडतो म्हणून तो उघडला.

तू तेव्हा आईला आणायला अक्कोळला गेली होतीस. दोन पंचविसाला फोन माझ्याकडं आला. मला पाहिजे होता तसाच. नागेंद्र डॉक्टर म्हणाले, तुमचे वडील गेले, त्यांना पेनिसिलीन चालत नव्हतं का? मी म्हटलं, नाही चालत, माझ्या बहिणीनं सांगितलं नाही का? ते म्हणाले, इथं ‘नाही’ लिहिलंय. बस्स. तेवढ्यात मी सगळं ठरवून मोकळा झालो. तुला फोन लावला तेव्हा अण्णा गेले हे सांगायच्याही आधी मी विचारलं, “तू सांगितलं न्हाईस?” तू रस्त्यात होतीस, आई शेजारी होती. तिनं ते ऐकलं. तिला नवरा गेल्याची बातमी मुलीचा दोष म्हणून कळली, आणि ती मी कळवली.

तुझी टिक मी पुसली. माझ्या प्रोग्रॅमनं नव्हे. प्रोग्रॅमही माझाच, पण त्या दिवशी बोट माझं होतं, आणि ते मी तुझा नंबर काढण्यासाठी उचललं होतं. दोनशे चौदा जणांची यादी माधवीनं माझ्यापुढं ठेवली, त्यात अण्णांचं नाव होतं, आणि त्यापुढं माझं. तिनं ते वाचलेलं आहे.  त्यानंतर ती मला सर म्हणत नाही, नुसतं कामापुरतं बोलते.

सगळे फोन करून झाले. अण्णांखेरीज तिघं वारलेत. कशानं वारले ते मी तिघांच्याही घरी विचारलं. दोघं म्हातारपणानं, एक अपघातात. सुटलो म्हणताना माझी मलाच लाज वाटली.

आता आईचं राहिलं. परवा अक्कोळला गेलो होतो. ती सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यापुढं बसलो आणि उठलो, तीनदा. ती म्हणाली, “काय हुतंय तुला, जीव घाबरा झालाय का?” मी पाणी मागितलं. ती एकाहत्तर वर्षांची आहे. नवऱ्याच्या मागं मुलगी गेली असं धरून बसलीय, आता मुलगाही काढून घ्यायचा का तिच्याकडनं?

म्हणून तुला एक विचारतो. तूच तिला सांगशील का? हे माझं पत्र दाखव हवं तर. तू सांगितलंस तर तुझा शब्द तुला परत मिळेल, सगळ्यांसमोर. मी मागनं येईन. तू म्हणशील तेव्हा येईन.

श्रेयस


सदलगा,
रविवार, २ मार्च २०२५

श्रेयस,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. ह्यांनीही वाचली. पहिलं मी फाडणार होते, ह्यांनी हातातून काढून घेतलं आणि ती एक ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. मग मी आत जाऊन बसले. पुढचं दुसऱ्या दिवशी वाचलं.

नंबराचं मला पहिल्यापासून खटकत होतं. नोंदणीवरच्या बाईनं माझा नंबर मला परत वाचून दाखवला होता, तेवढं मला आठवत होतं. मग फोन बंगळूरला कसा गेला? पण तेव्हा ते विचारायची ताकद नव्हती, आणि विचारलं असतं तर मी आपला दोष दुसऱ्यावर ढकलते असं तुम्ही म्हणाला असता.

तू लिहिलं आहेस की मी सांगितलं होतं. श्रेयस, मला ते आठवत नाही.

पहिले दोन-तीन महिने मी भांडले. सांगितलं, सांगितलं म्हणून सगळ्यांना ओरडून सांगत होते. मग तू, आई, काका, सगळेच एक बोलायला लागलात, आणि एकटी मी वेगळं. शाळेत खडू घेऊन उभी राहिले की दवाखान्याची ती खिडकी डोळ्यांपुढं यायची. बाई वय विचारते, गाव विचारते, मी सांगते. आणि औषधाचं सांगायचं विसरते. हे मला स्वच्छ दिसायला लागलं. पिशवीत छत्री होती, तिचं पाणी पायावर गळत होतं, तिकडं माझं लक्ष गेलं आणि मी विसरले. असं घडलंच नव्हतं आणि मला ते घडलेलं आठवतं. तुझं पत्र वाचूनही अजून तेच आठवतं. पडद्यामागं तुझ्या त्या बाईनं टाईप केलेलं तरी राहिलं. माझ्या डोक्यातलं कोण शोधणार?

मंदिरात तुझ्यापुढं हात जोडले ते सगळ्यांपुढं जोडतात तसेच. तू बरोबर लिहिलंस. पण दुसऱ्या वर्षीच्या क्षमावाणीला तू मंदिरात आला नव्हतास, मी आले होते. तिथनं सदलग्याला परतल्यावर मी अण्णांच्या फोटोपुढं खरोखरीची क्षमा मागितली. तोवर माझी मलाच खात्री पटली होती. त्याच चातुर्मासात इथं मुनिमहाराज होते. मी त्यांच्यापुढं जाऊन सांगितलं, माझ्या हलगर्जीपणानं वडील गेले. ते म्हणाले, स्वतःला इतकी शिक्षा करू नकोस. मी ऐकलं नाही. गोडाचा आजन्म त्याग घेतला. साखर, गूळ, सगळं. अण्णांना पुरणाच्या पोळ्या लई आवडायच्या, म्हणून गोडच सोडलं.

ह्यांनी तुझं तिसरं पत्र वाचल्यावर मला विचारलं, मग आता सोडशील का तो नियम? महाराजांसमोर घेतलेला नियम, चूक दुसऱ्याची निघाली म्हणून सुटत नाही. तो पाळेन. कशासाठी पाळते, ते आता मला नव्यानं शोधावं लागेल.

नंदगडच्या त्या बाईंना तू फोन केलास, दोनशे चौदा जणांना केलास, हे चांगलं केलंस. ती नर्स शोध. तिच्याही घरात कुणीतरी तिला विचारत असेल, तू का नीट बघितलं नाहीस म्हणून. तिचं घर सापडलं की मला कळव, मी पण येईन.

आता तू विचारलंस ते. आईला मी सांगणार नाही. माझा शब्द मला परत मिळावा म्हणून मीच तो तिच्या दारात घेऊन जायचा, असं होत नाही. आणि तुझं पत्रही मी तिला वाचून दाखवणार नाही. तिला अण्णा गेल्याचं तू फोनवर सांगितलंस, हे समोर बसून सांग.

येत्या रविवारी मी अक्कोळला जाते आहे. तिनं बोलावलेलं नाही. तू पण ये. बसून सगळं सांग, प्रोग्रॅम, सांगाडा, चौकोन असलं काही मध्ये आणू नकोस, तिला त्यातलं कळणार नाही आणि तुला त्यामागं लपता येईल. मी केलं, म्हण. मी शेजारी बसेन, पण तू अडकलास तर शब्द पुरवणार नाही.

क्षमेचं तू विचारलं नाहीस. बरं केलंस, मला आत्ता उत्तर देता आलं नसतं. तू अण्णांचा जीव घेतलास असं मी म्हणत नाही. पण माझा नंबर तिथं चालला नाही तुला, ते मला अजून गिळता येत नाही.

दुपारी लवकर ये, म्हणजे दिवस मावळायच्या आत जेवणं होतील. आई काय करेल सांगता येत नाही. रडेल, तुला घराबाहेर काढेल, नाहीतर उठून चुलीकडं जाईल. माझा अंदाज आहे, ती चुलीकडं जाईल. अडीच वर्षांनी लेक आली म्हणून पुरण घालेल, आणि पहिली पोळी माझ्या पानात वाढेल. मी हात आडवा धरला की ती विचारेल, का गं, अजून राग धरलास व्हय माझ्यावर? तेव्हा मी खाली बघेन, आणि मी गोड का खात नाही ते तिला तू सांगायचंस.

राजमती